नमुन्याचं इंजिन

"पाणी कमी पडतंय त्यात. अजून दोन थेंब घाल," दादा कॉटवरून म्हणाला.

बारक्याने दोन थेंब घातले. ब्रश बुडवला, वाटीच्या काठाला निथळवला आणि तळहाताएवढ्या इंजिनाच्या चंदेरी अंगावरून अलगद फिरवला. या पातळ काळ्या रंगाला त्यांच्या धंद्यात वॉश म्हणतात. तो खाचाखाचांत उतरून बसला, की पत्र्याचे जोड उठून दिसतात आणि नवंकोरं इंजिन वीस वर्षं धावून आल्यासारखं वाटतं. हा मात्र मेणकापडावरच्या पाण्यासारखा जागोजाग फुटला. त्याचे मणी झाले, आणि मणी घरंगळून चाकांपाशी साचले.

"गेलं हेही," बारक्या म्हणाला.

"मग आता घट्ट करून बघ."

"आत्ताच तर पातळ कर म्हणालास ना?"

"अरे, करून बघायला काय जातंय तुझं?"

पाच वाजता कुरिअरवाला येणार होता, एवढंच जात होतं. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणारा एक कारखाना अकरा वर्षं बारक्याला घरी काम पाठवत होता. आजवर सगळे डबे होते, साध्या लाल-हिरव्या रंगाचे. आता त्यांना धातूच्या रंगाची इंजिनं रंगवणारा माणूस हवा होता, कायमचा, कारखान्यातच. राहायला एकट्यापुरती खोलीही होती. नमुन्याचं एक इंजिन निर्दोष करून पाठवायचं, आणि आज शेवटचा दिवस होता. ते पसंत पडलं की बारक्या सुटला.

सत्तेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस, पण त्याला अजून सगळे बारक्याच म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी दुकानाची पाटी रंगवताना दादाची परांची निसटली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. कमरेखालचं अंग निकामी झालं, दुखायचं तेवढं राहिलं. तेव्हापासून बारक्याने एक रात्र या खोलीबाहेर काढली नव्हती. खिडकीपासून स्टोव्हपर्यंत आठ पावलं, तिथून परत आठ. खाली दूध आणायला गेला तरी दार उघडं ठेवून जायचा आणि जिन्यात कान मागे ठेवून चालायचा. दादावर त्याचा जीव होता. तरी काही सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तो कोपऱ्यावर उभा राही आणि जाणाऱ्या प्रत्येक बसकडे बघे. मग स्वतःचीच लाज वाटून भराभर जिना चढे.

त्यांच्या बहिणीने, आक्काने, या वेळी मनावर घेतलं होतं. तिने दादासाठी एका शुश्रूषागृहात जागा बघून ठेवली. "किती दिवस अडकून पडशील रे? जा तू," ती फोनवर म्हणाली. दादाही म्हणाला, "जा की बाबा. मी काय उठून दारात आडवा येणार आहे?" आणि स्वतःच खो खो हसला.

आठ दिवसांत पाच इंजिनं बाद झाली होती. दादाने सांगितलं म्हणून बारक्याने वॉशमध्ये साबणाचा थेंब घातला, दादाने सांगितलं म्हणून काढला. खिडकी बंद केली, उघडली. एकदा तर ब्रशच चुकीच्या केसांचा आहे म्हणून नवा आणवला. दादा अख्ख्या बाजारपेठेच्या पाट्या रंगवलेला माणूस. रंगाच्या बाबतीत त्याचा शब्द बारक्याला शेवटचा होता.

"बारक्या, पाय."

या आठवड्यात दादाचे पाय फार आखडत होते. एरवी रात्री काम आवरल्यावर लावायचं तेल आता दुपारीही लावावं लागे. बारक्या उठला, पोटऱ्या चोळून दिल्या, हात फडक्याला पुसले आणि घड्याळ पाहिलं. अडीच. मग इतके दिवस भिडेपायी टाळलेली गोष्ट त्याने केली. कारखान्यातल्या रंगखात्याच्या बाईंना फोन लावला.

"मणी होतायत ना? मग पृष्ठभाग तेलकट आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "साधा रंग खपवून घेतो हो, धातूचा गुळगुळीत रंग नाही घेत. हाताला क्रीमबीम लावता का?"

"छे हो बाई, मी कसलं क्रीम..." बारक्या म्हणाला आणि स्वतःच्या बोटांकडे बघू लागला.

फोन ठेवून त्याने बाद झालेलं इंजिन खिडकीपाशी धरलं. एका अंगाला अंगठ्याएवढी जागा वॉशने सोडली होती, दुसऱ्या अंगाला दोन बोटांएवढी. त्याने आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली. चपखल बसली.

मग तो न वळताच म्हणाला, "दादा, तेलाचा हात लागला की रंग धरत नाही."

त्याने इंजिन खिडकीत ठेवलं.

"तू पाटीला हात लावू द्यायचा नाहीस मला. लहानपणी खोबरेल लावून आलो की लांब बसवायचास. तुला माहीत होतं."

"होतं," दादा म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि दुपारचं तेल? तेही मुद्दाम?"

"नाही रे. ते खरंच दुखतं." दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. "मला तिथं नाही जायचं, बारक्या. तसं बोलवेना, म्हणून पाणी घाल म्हणत राहिलो."

बारक्याला ओरडावंसं वाटलं. रडावंसंही वाटलं. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही. मोरीवर जाऊन भांड्याच्या साबणाने तीन वेळा कोपरापर्यंत हात धुतले. चंदेरी रंग दिलेलं एकच इंजिन उरलं होतं, तेही साबणाच्या पाण्यातून काढलं, मऊ कापडाने टिपलं, सुकू दिलं आणि पुन्हा हात लागू नये म्हणून बुचावर टोचून उभं केलं. साडेतीनला ब्रश टेकवला.

वॉश उतरला. खाचेतून खाचेत आपण होऊन सरकत गेला, जोडांच्या कडेने बारीक काळी रेघ धरली, आणि वरचा चंदेरी रंग तसाच लखलखत राहिला. आठ दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते चार मिनिटांत डोळ्यांसमोर होत होतं. आनंद व्हायला हवा होता.

अर्धं अंग झालं आणि कॉट वाजू लागली. दादाच्या पायांत गोळे आले की ती अशीच भिंतीवर आपटायची. एरवी पहिल्या हाकेच्या आत बारक्या उठलेला असे. आज हाकच आली नाही. त्याने मान वळवली. दादाने चादरीचा कोपरा दातांत धरला होता. कपाळ घामाने भिजलं होतं. चादरीखाली दोन्ही पाय थडथड उडत होते.

बारक्याचा ब्रश हवेत थांबला.

दादाने चादर तोंडातून काढली. "थांबू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "ओली कड सुकली तर डाग पडेल. एका दमात पुरं कर."

बारक्या क्षणभर बघत राहिला. मग त्याने मान फिरवली, ब्रश वॉशमध्ये बुडवला आणि ओल्या कडेला लावला. मागे कॉट भिंतीवर आपटत होती. तो चाकांपर्यंत आला, पहिलं चाक झालं, दुसरं झालं. कॉट आपटतच होती आणि त्याचा हात जराही कापत नव्हता.