सुधारित पेटी

जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. माझा दहावा ग्रह सरकारी कंत्राटावर होता, आणि फिरत फिरत तो थेट माझ्या पाण्याच्या खोलीत येऊन पोचला.

पाण्याची खोली म्हणजे काय, ते आधी सांगतो. नौदलाच्या प्रशिक्षण शाळेत मी उस्ताद आहे. विषय एकच: जहाजाला भोक पडलं तर काय करायचं. त्यासाठी आमच्याकडे जहाजातल्यासारखी एक लोखंडी खोली आहे. मी बाहेरून चाक फिरवलं की भिंतीतल्या फटीतून गार पाणी आत घुसतं, दिवे जातात, आणि आतल्या पोरांनी ती फट बुजवायची. सामान साधं. खांद्याला अडकवायची जाड कापडी पिशवी, तिच्यात लाकडाच्या पाचरी, हातोडा आणि चिंध्या. पिशवी दिसायला इतकी गबाळी की चोरानंही हात लावला नसता. पण अंधारात आत हात घातला की हवं ते हाताला लागतं, आणि पाचर एकदा ठोकली की भिजून फुगते, घट्ट बसते.

ही पिशवी सुधारणा विभागाच्या डोळ्यांत खुपली. आमचे जावईबापू त्याच विभागात. हुशार माणूस, त्यात वादच नाही. त्यांनी पिशवीच्या जागी अॅल्युमिनियमची चकचकीत पेटी बनवली. आत फोम, फोममध्ये प्रत्येक पाचरीला तिच्या मापाची खाच, झाकणाला रबर आणि वर चार खटके. नाकापेक्षा मोती जड. रबर कशाला, विचारलं, तर म्हणाले, "बाबा, आतलं सामान भिजायला नको." ज्या लाकडाचा जन्मच भिजण्यासाठी, त्याला सर्दी होईल म्हणून ही काळजी!

विभागातल्या सगळ्या परीक्षा पेटी पास झाली होती. त्या परीक्षा टेबलावर, पंख्याखाली, कोरड्या हातांनी आणि चहा पीत झाल्या होत्या. आता फक्त माझं 'होय' हवं होतं. ते मिळालं की पेट्या सगळ्या जहाजांवर जाणार आणि जावई नोकरीत कायम होणार.

मुलीचा फोन आला. "बाबा, कंत्राटाची मुदत संपत आली की हा जेवत नाही, झोपत नाही. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे. एवढ्या वेळी नका काढू."

"अगं, पण उद्या पोरं बुडाली तर?"

"कुठं बुडतायत? लढाई चालू आहे का कुठं?"

इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या पोरांना पेटी देऊन आत सोडलं असतं आणि पेटीनं दगा दिला असता, तर विभागानं पोरांनाच अडाणी ठरवलं असतं. म्हणून मी म्हटलं, "ज्यांनी बनवली, त्यांनीच वापरून दाखवावी." हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जावई लगेच तयार झाले. बिचाऱ्यांचा पेटीवर खरंच जीव होता.

विभागाचे बडे साहेब काचेच्या खिडकीशी उभे राहिले. त्यांना दिसावं म्हणून आत एक मिणमिणता दिवा ठेवला. मी चाक फिरवलं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि पेटी तरंगू लागली. तरंगणारच, हवाबंद होती. जावई खटक्याला हात लावायचे, की ती बाजूला सरकायची. कसेबसे दोन खटके उघडले, तोवर ती उलटली आणि झाकण खाली गेलं.

"वा! बुडत नाही," साहेब म्हणाले. "हा तर आपला जादा फायदा."

पाणी छातीपर्यंत चढलं. जावई पेटीला मिठी मारून तिच्याबरोबर खोलीभर फिरत होते. मला हसायला यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पोरीचं तोंड आलं. मी चाक बंद करायला लागलो, तेवढ्यात त्यांनी पेटी सोडून दिली, अंगातला शर्ट ओढून काढला, फटीत कोंबला आणि त्यावर पाठ लावून उभे राहिले. धार थांबली. नुसती ठिबक राहिली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "पेटी पास!"

"साहेब, ती उघडलीच नाही," मी म्हणालो.

"पाणी थांबलं की नाही? खोलीत पेटी होती की नाही? मग, उस्ताद?"

जावई दात वाजवत बाहेर आले. साहेबांनी त्यांचा ओला हात हातात घेतला. "अभिनंदन. आता तुम्ही कायम. काय उस्ताद, म्हणा होय." माझ्या तोंडाशी 'नाही' आलं होतं, पण जीभ रेटेना. पोरीचा आवाज कानात होता.

"साहेब," जावईच म्हणाले, "ही पेटी जहाजावर पाठवू नका. माणसं मरतील."

"गारठलायत तुम्ही. कोरडे कपडे घाला, मग बोलू."

"कोरडे कपडे घातल्यावर ती मलाही चांगलीच वाटेल. म्हणून आत्ता सांगतोय."

मग माझीही जीभ सुटली. मी ठणकावून 'नाही' म्हटलं. त्याचा उपयोग असा झाला की विभागानं ते सासरा-जावयाचं घरगुती भांडण ठरवलं आणि दुसऱ्या उस्तादाकडून होय घेतलं. पेट्या जहाजांवर गेल्या. जावयांची मुदत काही वाढली नाही. मुलगी म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं," आणि तिनं फोन ठेवला. ती अजून माझ्याशी तुटकच बोलते. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

शाळेत मदतनीसाची जागा होती, ती मी हातापाया पडून जावयांना मिळवून दिली. आता ते रोज माझ्या पाण्याच्या खोलीत उतरतात. पेट्या गेल्यात तर त्या उघडता तरी यायला हव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. नव्या पोरांना घेऊन छातीभर पाण्यात, अंधारात शिकवतात: पेटी दोन गुडघ्यांत आवळायची, झाकण पोटाशी घ्यायचं, खटके बोटांनी मोजायचे. बाहेर चाकाशी उभा राहून मी ऐकतो, आणि मला त्या माणसाचा जो अभिमान वाटतो, तो पोरीला फोनवर कसा सांगायचा ते कळत नाही.

परवा आतून एक पोरगा कावून ओरडला, "उस्ताद, ही पेटी कुठल्या मूर्खानं बनवली हो?"

"मी," जावई म्हणाले. "चल, तिसरा खटका शोध."