पासवर्डमधला मोठा के

मी के बोलतोय. रोमन लिपीतला मोठा के, एका पासवर्डच्या मधोमध बसवलेला.

हौसेनं मी जन्माला आलो नाही. स्वीडनमधल्या येव्ले शहरातल्या गुनेल हेडक्विस्टनं मांजराचं नाव, मुस्कोट, आणि घराचा क्रमांक सात टाकला, तशी वेबसाइट लाल झाली. 'निदान एक अक्षर मोठं हवं.' गुनेलनं चष्मा पुसला आणि मधल्या के ला मोठं केलं.

"मांजराचं नाव अख्ख्या इमारतीला पाठ आहे. रोज ओरडतेस," आर्विड, तिचा नवरा, पलंगावरून म्हणाला.

"म्हणून तर मधलं अक्षर. पहिलं कुणीही ओळखेल."

म्हणजे त्या पासवर्डात गुपित असं एकच होतं. मी.

वेबसाइट होती इमारतीच्या तळघरातल्या, सगळ्यांच्या सामाईक कपडे धुण्याच्या खोलीची पाळी लावायची. हसू नका. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घटस्फोटात कुणी बोलत नाही, पण पाळीवरून दारावर चिठ्ठ्या लागतात. आर्विड अंथरुणाला खिळलेला. गुरुवारची पाळी गेली की सोमवारपर्यंत त्याच्या अंगाखाली धुतलेली चादर नाही.

आणि त्या वेबसाइटनं मला पहिल्याच दिवशी दारात धरून बारीक केलं. सगळी अक्षरं एकजात लहान करायची, मग ताडून बघायची, अशी तिची रीत. लोकांची बोटं चुकतात, फोन आपणहून पहिलं अक्षर मोठं करतो. तेवढी चूक पोटात घातली तर माझी ना नाही. पण हे सरसकट. मग मला मागितलंत कशाला?

एका गुरुवारी गुनेल टोपली घेऊन खाली गेली, तर यंत्रात वरच्या मजल्यावरच्या स्तुरेचे शर्ट फिरत होते.

"तू पाळी रद्द केलीस ना गं? मोकळी दिसली, घेतली," यंत्रापाशी उभा स्तुरे म्हणाला.

"मी नाही केली."

"विसरली असशील. होतं या वयात."

पुढच्या गुरुवारी तेच. सोसायटीची अध्यक्ष मायकेन हिनं नोंद पाहिली. "तुझ्याच खात्यातून रद्द झालीय, गुनेल. आणि वेबसाइट म्हणते, पासवर्ड मजबूत आहे. रागावू नकोस, पण एकदा डॉक्टरकडे जा. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

संतापानं मी जळत होतो. स्तुरेनं मांजराचं नाव आणि सात टाकलं होतं, सगळं बारीक, आणि दार उघडलं होतं. मी आहे की नाही हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी गुनेलनं विचारलं, "आर्विड, मी विसरायला लागलेय का रे?"

"आपल्या लग्नात मी काय बरळलो ते अजून ऐकवतेस. तू कसली विसरतेस."

ती हसली नाही.

मग एका सकाळी ती एका हातानं आर्विडला लापशी भरवत होती आणि दुसऱ्यानं पासवर्ड टाकत होती. शिफ्ट आणि माझी, अशा दोन कळा एकदम दाबता येईनात, म्हणून मी बारीकच उमटलो. तरी दार उघडलं. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. खात्यातून बाहेर पडून तिनं सगळी अक्षरं मोठी टाकली. तरीही उघडलं.

लॅपटॉप काखोटीला मारून ती स्तुरेच्या दारात उभी राहिली. "माझ्या मांजराचं नाव टाक. आणि सात."

"कशाला?"

"तू टाकतोस तसंच टाक."

त्याचे कान लाल झाले. "एवढ्या पाळ्या तुला कशाला लागतात, असं वाटलं..."

"चादरीचं राहू दे. मला वाटलं माझं डोकं गेलं. त्याबद्दल बोल."

मग तिनं मायकेनला तेच करून दाखवलं. मायकेननं वेबसाइटवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, ही ग्राहकांची सोय आहे.

गुनेलनं मग एक लांबलचक वाक्यच पासवर्ड म्हणून घेतलं, कुणाच्या बापाला सुचणार नाही असं. तरी वेबसाइट लाल झालीच: 'निदान एक अक्षर मोठं हवं.' तिनं मला शेवटी चिकटवलं, विश्वास न ठेवता. ते योग्यच केलं तिनं. पण वेबसाइटवाल्यांनो, मला ठेवायचं नसेल तर निदान मागू तरी नका. तुम्ही 'मजबूत' म्हणत होतात, तेव्हा ही बाई डॉक्टरचा फोन नंबर शोधत होती.