वाळूच्या ढिगावरची उडी

ज्या पिढीने लहानपणी गुडघे फोडून घेतले, तिलाच पुढे आयुष्यात ताठ उभं राहता आलं. हे वाक्य कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने अपघात नोंदीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं आणि त्याखाली समाधानाने एक रेघ ओढली. त्याच सकाळी त्याने एका फिटरला हेल्मेट न घालता स्टुलावर चढला म्हणून घरी पाठवलं होतं. स्टूल दीड फुटाचं होतं.

वाक्य भाषणासाठी होतं. नातवाच्या शाळेने पालकांच्या मेळाव्यात 'आमचं मोकळं बालपण' या विषयावर बोलायला त्याला बोलावलं होतं. न बोलावताही तो याच विषयावर बोलतो हे मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा सोसलं होतं. निदान आता वेळेची मर्यादा तरी घालता येणार होती. "आम्ही दिवसभर कुठे असायचो, कुणाला पत्ता नसायचा," तो सांगायचा. "विहिरीत उड्या मारल्या, गच्चीच्या कठड्यावरून चाललो, काही झालं नाही." काही झालं नाही म्हणजे, धाकट्या बहिणीचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही, तेवढं सोडून.

त्या हाताची गोष्ट म्हणजे तर भाषणाचा कळस. घरामागे एक इमारत अर्धवट राहिली होती. तिच्या पहिल्या मजल्यावरून खालच्या वाळूच्या ढिगावर आधी दहा वर्षांच्या दादाने उडी मारली, आणि 'दादा मारतो, मग मी का नाही' म्हणत सात वर्षांच्या बहिणीने. वाघीण होती वाघीण, असं म्हणून तो इथे थांबायचा आणि लोक हसायचे. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. आत एकच खडा टोचायचा. दादाने उडी मारलीच नव्हती. तो वर गेला, त्याने खाली पाहिलं, आणि तो जिन्याने गुपचूप उतरला. रखवालदार येतोय का हे बघायला बहीण फाटकाशी उभी होती. त्याने मूठभर वाळू स्वतःच्या केसांत घातली आणि तिला हाक मारली. "मारली मी. काही नाही होत."

हे त्याने सत्तेचाळीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"तुमची बहीण पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणे," बायको म्हणाली. "ते कळल्यापासून तुम्ही ताटात नुसती बोटं फिरवताय. भाषणं काय आज पहिल्यांदा करताय का?"

शेवटी दुपारची सुट्टी टाकून तो बहिणीच्या शिलाईच्या दुकानात गेला. निमित्त हवं म्हणून शर्टाचं कापड घेऊन गेला.

"मेळाव्यासाठी नवा शर्ट?" बहिणीने तोंडात टाचण्या धरूनच विचारलं. "लोक ऐकायला येणार आहेत ना रे दादा? का बघायला?"

"असू दे एक."

"मग उभा राहा. हात सरळ धर."

त्याने धरला. हात अगदी सहज सरळ झाला, आणि त्याला स्वतःच्या हाताची लाज वाटली. ती आपल्या वाकड्या हाताने टेपचं एक टोक त्याच्या खांद्यावर दाबून दुसरं मनगटाकडे नेत होती.

"एका घटनेची नोंद चुकीची झालेली आहे," तो म्हणाला.

"इथे कारखाना नाही. माणसासारखं बोल."

"त्या दिवशी मी उडी मारली नव्हती. तुला खोटं सांगितलं."

तिने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"वर चढले तेव्हापासून. वरून सगळा ढीग दिसत होता. त्यात एकही खळगा नव्हता. तू पडला असतास तर तुझ्याएवढा खड्डा नको पडायला?"

"मग तू कशाला मारलीस?"

"तू मारली नव्हतीस म्हणून. जन्मात एकदा तुझ्या आधी काही करायला मिळत होतं. एरवी तुझे जुने कपडे, तुझी जुनी पुस्तकं."

तो गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसला. इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलेलं पाप बघता बघता बहिणीच्या नावावर झालं होतं, आणि तीही तक्रार करत नव्हती. भाषणाचा कळससुद्धा शाबूत राहात होता.

"म्हणजे हात माझ्यामुळे नाही," तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर आपण जरा घाईच केली असं त्याला वाटलं.

"उडीमुळे नाही," ती टेप गुंडाळत म्हणाली. "हाड मोडलं, ते जुळलंही. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, हात रोज वीस वेळा सरळ करायचा, रडली तरी थांबायचं नाही, महिन्याभरात पहिल्यासारखा होईल. आई कामावर जायची. ते काम तिने तुला दिलं होतं."

"मग?"

"तू तीन वेळा करायचास आणि संध्याकाळी आईला सांगायचास, वीस झाले. मीही मान डोलवायचे. दुखायचं ना."

"मी असं कशाला करीन?"

"खाली पोरं हाका मारायची. तुला खेळायला जायचं असायचं." तिच्या आवाजात राग नव्हता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं ती सांगत होती. "कॉलर नेहमीसारखीच ना?"

त्याने मान हलवली. मग तो महिना आठवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. बहिणीचं रडणं आठवेना. तिचा हात आपल्या हातात धरल्याचंही आठवेना. त्या महिन्यात तो दोन्ही हात सोडून सायकल चालवायला शिकला होता.