पुसू न दिलेली कॅसेट

साहेब, तुम्ही संस्थेच्या अहवालात खोटं छापलंत. उपनगरांतले म्हातारे समाधानी आहेत म्हणे. मी तिथे होतो.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण आता दोऱ्याने बांधलेलं आहे, पण आवाज शाबूत आहे. माझ्या मालकीणबाई जयंतीबाई समाजशास्त्राच्या अभ्यासक, या साहेबांच्या संस्थेत नोकरीला. म्हातारपणी माणसं कशी जगतात हे शोधायला त्यांनी मला खांद्याला अडकवून अंधेरी, घाटकोपर, मुलुंड पालथं घातलं.

चौऱ्याऐंशी साली आम्ही विक्रोळीच्या एका चाळीत पार्वतीबाईंकडे गेलो. मुलगा चंदर भला माणूस, आईला खेटूनच बसला. बाईंनी त्याच्यासमोरच फॉर्म काढला. चूक तिथेच झाली. लेकासमोर कुठली कोकणातली आई गाऱ्हाणं सांगेल? "माका काय कमी? सगळा बरा आसा." बाईंनी 'समाधानी'वर खूण केली. चंदर खूश होऊन पाहुणीसाठी थंडा आणायला खाली गेला. मला बंद करायचं बाई विसरल्या.

पार्वतीबाईंनी दाराकडे पाहिलं. "जेवक गावता गो बाय. पण बोलूक कोण नाय. दिसभर माजो आवाज माकाच आयकाक येणा नाय."

मी चालूच होतो हे लक्षात येताच बाई ओशाळल्या. पुसू का, म्हणाल्या.

"पुसतंस कित्याक? आधी माका आयकव."

मी ऐकवलं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "ही कोण गो रडवी?" मग गंभीर झाली. "चंदराक नको. तुझ्या सायबाक आयकव."

साहेबांनी ऐकलंच नाही. फॉर्म हाच पुरावा, म्हणाले, यंत्रातली कुरकुर मोजता येत नाही. वर हुकूम सोडला, की कॅसेट वाया घालवू नका, तिच्यावर माझं वृद्धांच्या सत्काराचं भाषण भरून घ्या.

जयंतीबाईंनी कॅसेटच्या कडेवरच्या दोन टिकल्या पेनाच्या टोकाने मोडल्या. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. "आता भरा भाषण," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून संस्थेचं दार त्यांना बंद झालं.

पण बाई थांबल्या नाहीत. पाच वर्षं घरोघर फिरल्या; दुपारी, म्हातारं माणूस एकटं असताना. आधी गप्पा, फॉर्म शेवटी.

पार्वतीबाई गेल्या वर्षी वारल्या. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना जेवू घालता, तसं त्यांच्याशी बोलाही.

आणि साहेब, ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. बटण दाबायला एक बोट पुरतं. कधी दाबताय?