काकणांचं बिऱ्हाड

पाखरू बघायलाही काही मर्यादा असते की नाही? आमच्या घोवाला नाही. नाव मी घेत नाही, गाव त्याला सहदेव म्हणतं. बंदरात इंजिनाची होडी आली म्हणे. आमची अजून वल्ह्यांचीच, आणि तीही कुजकी. एका हाताने जाळं ओढायचं, दुसऱ्याने नारळाच्या करटीने पाणी उपसायचं. तो परतेपर्यंत माझा जीव टांगणीला. नव्या होडीसाठी मागच्या परड्यातलं उंडीचं झाड तोडायचं ठरलं, मालवणहून बाबली सुतार आला, आणि हा शेंड्याकडे बोट दाखवून म्हणतो, "पिल्लू उडांदे, मगे तोडूया."

शेंड्यावर काकणांचं घरटं. पांढऱ्या पोटाची थोराड घारच ती. दर्यातले साप धरून आणायची, अर्धे खायची, अर्धे माझ्या सुक्या मासळीच्या वाळवणात टाकायची. सुतार परत गेला. हा माडाला टेकून बघत बसायचा.

"शेवंते, बघ गो, आवस पिल्लाक पंखांची सावली धरता!"

आणि हा बुडाला तर माझ्यावर सावली कोण धरणार? ते नाही दिसलं त्याला.

शेवटी मीच पिल्लावर डोळा ठेवायला लागले. पंख पसरायचं, खाली बघायचं, घाबरून परत बसायचं. "उड रे मेल्या, तुझ्या आवशीक खाव!" मी खालून ओरडायची. शिमगा सरल्यावर एका सकाळी उडालं. मी नाचायचीच तेवढी राहिले.

लगेच लवू म्हाताऱ्याला गाऱ्हाणं घालायला आणलं. झाड तोडण्याआधी त्यात राहणाऱ्याला सांगावं लागतं, नाहीतर तो मागे लागतो. नारळ ठेवून लवू म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या झाडार जो कोण रवता, तेका आमी दुसरी जागा देतंव!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत माझा आवाज मोठा. लवूच्या मनात देवचार होता हो, झाडातलं भूत! त्याला वडाखाली एक दगड मांडला की झालं.

नारळी पौर्णिमेला नवी होडी दर्यात गेली. दिवाळी झाली, आणि काकणांची जोडी पंजांत काटक्या घेऊन हजर. उंडी कुठाय? रिकाम्या जागेवर घिरट्या घालतात, दमतात, काटक्या खाली टाकतात. माझं अंगण रोज भरतं.

"त्या आंब्यार जावा!" मी झाडू उगारते. ऐकतील तर शपथ.

"जागा देतंव म्हटलंस मां?" घोव विचारतो.

"मगे काय माझ्या डोक्यार घरटा बांधूक देऊ?"

होडी सुरेख झालीय. थेंबभर पाणी येत नाही. तो दर्यात असला तरी मला आता झोप लागते, आणि सकाळी काटक्या झाडताना त्या झोपेचाच राग येतो. सरपणाला चांगल्या आहेत, पण चुलीत घालायला हात होत नाही. पडवीत भारा झालाय.

काल घोवाने विचारलं, "ह्यो भारो कोणाक गो?"

"जेंचो आसा तेंका," मी खेकसले. "जागा दिवक जमली नाय, सामान तरी सांभाळूक होया मां?"