सालेफुआच्या शाळेतला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. तोंड पसरट, रंग एके काळी करडा, आता बराचसा गंजाचा. सामोआतल्या सालेफुआ गावच्या शाळेत, ओसरीच्या खांबाला मी टांगलेला असतो.

मित्रांनो, दूरच्या एका कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं आणि बोटीने आपियाच्या बाजारात आणलं. तिथे पेसामिनो नावाच्या हसऱ्या माणसाने मला विकत घेतलं आणि आपल्या गाडीच्या टपावर बसवलं. ताजी मासळी आली, रग्बीचा सामना आहे, चर्चमध्ये जेवण आहे, सगळं गाव माझ्याकडून ऐके. निवडणुकीत सकाळी एकाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा जयजयकार मीच करी. लोक म्हणत, आवाज असावा तर असा. पुढे पेसामिनोने चकचकीत नवा भोंगा आणला आणि मी विलायती फणसाच्या झाडाखाली जाऊन पडलो. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली.

त्या कोंबडीची कशीबशी समजूत काढून फुआतिनो बाईंनी मला शाळेत आणलं. त्यांनी एक खेळ काढला. एकाने माझ्यातून काहीतरी बोलायचं. ते पडताळून पाहता येण्यासारखं असेल तर वर्गाने खाली बसायचं, नुसतं मत असेल तर उभं राहायचं. आणि बोलणारा भीती घालून किंवा ‘सगळेच म्हणतात’ असं सांगून आपल्याला ढकलू पाहत असेल, तर कान धरायचे.

“माझ्या आईची पालुसामी जगात भारी,” एक जण म्हणाला. पालुसामीच्या आठवणीने जिभल्या चाटत सगळे उभे राहिले. “शाळेमागे नारळाची तीन झाडं आहेत,” दुसरी म्हणाली. सगळे बसले, मग मोजायला धावले. निघाली चार. बाई म्हणाल्या, पडताळता येतं म्हणजे ते खरंच असतं असं नाही, म्हणून तर धावायचं.

सालेफुआ आणि शेजारचं वाईतोआ, दोन्ही गावांचे वल्हेकरी मिळून शर्यतीची एक लांब होडी हाकत. त्या वर्षी शर्यत तोंडावर आली आणि आमच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं. त्याच सुमारास एका उमेदवारासाठी पेसामिनोची गाडी गावात फिरू लागली. वाईतोआवाल्यांनी आपला झरा बाटवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे, सच्चा सालेफुआकर त्यांच्यासोबत होडीत पाय ठेवणार नाही, असं नवा भोंगा दिवसभर सांगे. आमचे वल्हेकरी वल्ही घेऊन घरी बसले. वाईतोआ माहेर असलेल्या आमच्या सुना बाजारात खाली मान घालून चालू लागल्या.

गाडी शाळेपाशी आली, तर अख्ख्या वर्गाने कान धरलेले. पेसामिनोने हसत गाडी थांबवली. त्याची पुतणी सिएनी पुढे झाली. तिची आई वाईतोआचीच.

“काका, सगळ्यांना ठाऊक आहे म्हणजे कुणाला?”

“अगं, मला लिहून दिलं ते मी वाचतो.”

“मग झरा बघून कोण आलंय?”

पेसामिनोने डोकं खाजवलं. सावलीत बसलेले गावप्रमुख तुइमावे आजोबा काठी टेकत उठले.

“कुणीच नाही, पोरी. मीसुद्धा नाही,” ते म्हणाले. “चल, बघून येऊ.”

मुलं, बाई, आजोबा आणि मागोमाग गाडी बंद करून पेसामिनो, सगळे डोंगर चढले. परतल्यावर मुलांनी धापा टाकत माझ्यातून गावाला सांगितलं: वर दरड कोसळून माती झऱ्यात आलीय. आरोग्य खात्याच्या माणसानेही पाणी तपासून तेच म्हटलं. माती उपसायला वाईतोआचे लोक आपणहून फावडी घेऊन आले, आणि वल्ही पुन्हा बाहेर निघाली.

शर्यतीच्या दिवशी मला किनाऱ्यावर नेलं. आमची होडी तिसरी आली. पण सिएनी माझ्यातून अशी गरजली की पाहुण्यांना वाटलं, पहिलीच आली. बाईंनी तिला तिथल्या तिथे कान धरायला लावले.

मित्रांनो, मला तोंड आहे, कान नाहीत. आत ओतलेलं मी मोठं करून देतो, एवढंच. तुम्हाला मात्र दोन कान आहेत आणि त्यांच्या मधोमध डोकं आहे. त्यांना जपा. इथे खाऱ्या वाऱ्याने माझी कड गंजते, म्हणून मुलं तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवतात, ही वस्तुस्थिती. साऱ्या बेटावर माझ्याइतका सुखी भोंगा दुसरा नाही, हे माझं मत.