अण्णांचा कान

दादाने अण्णांसाठी पांढराशुभ्र डगला शिवून आणला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. गॅरेजात पांढरा डगला! ज्या माणसाने जन्मभर ग्रीसचे हात स्वतःच्याच पँटला पुसले, त्या आमच्या वडिलांना माझ्या सख्ख्या भावाने जत्रेतल्या जादूगारासारखं नटवून उभं केलं. "लोकांना बघायला बरं वाटतं गं," म्हणे. शी!

बघायचं काय, तर अण्णांचा कान. काही जुन्या गाड्यांना दोन कार्ब्युरेटर असतात. एक पुढच्या दोन सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवतो, दुसरा मागच्या दोनांना. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर अर्धं इंजिन राबतं आणि अर्धं बसून खातं. आमच्या घरासारखंच. अण्णा रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरं कानाला. आधी याची फुसफुस ऐकायची, मग त्याची, आणि दोन्ही एकसारख्या होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. मीही त्यांच्याकडूनच शिकले.

पण आता अण्णांना ऐकू येत नाही. समोर उभं राहून ओरडलं तर येतं, पाठीमागे फटाके फोडले तरी नाही. गिऱ्हाइकांना हे दादाने कळू दिलं नाही. अण्णा नळी लावायचे, लोक फोनवर व्हिडिओ काढायचे, दादा "वा!" म्हणायचा. अण्णा जेवायला घरी गेले की मी हवेचा ओढा मोजणारं काचेचं हवामाप लावून सगळं पुन्हा जुळवायची. "त्यांचं मन मोडू नकोस," दादाने मला बजावलं होतं. मन कसलं, डोंबलाचं! त्याला गर्दी हवी होती. आणि मला भांडण नको होतं. या दोन्हींचा मला सारखाच वीट आला होता.

त्या दिवशी एक वकीलसाहेब आपली तसलीच जुनी गाडी घेऊन आले. सोबत चार मित्र, प्रत्येकाच्या हातात फोन. दादाने अण्णांच्या डगल्याची कॉलर नीट केली, खांद्यावरची धूळ झटकली.

इंजिन चालू झालं. अण्णांनी दोन कार्ब्युरेटरांना जोडणारा दांडा सैल केला, नळी कानाला लावली, डोळे मिटले. मित्रमंडळी पुढे सरसावली. अण्णांनी मागचा स्क्रू फिरवला. आणखी फिरवला. फिरवतच राहिले. मागच्या दोन सिलिंडरांचा दम कोंडला, इंजिन थाडथाड हादरायला लागलं, वर ठेवलेला पाना घरंगळून खाली पडला. आंधळ्यालाही कळलं असतं.

अण्णांनी डोळे उघडले आणि दादाकडे पाहिलं. "कसं वाटतंय?"

"वा, अण्णा! लोण्यासारखं!" दादा ओरडला.

आणि ते मित्र! त्यांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांच्या तोंडावर शंका होती, पण सगळे वाजवतायत म्हटल्यावर त्यांनीही वाजवल्या. मला त्या टाळ्यांची किळस आली.

अण्णा माझ्याकडे वळले. "तू सांग."

दादा त्यांच्या मागून डोळे वटारत होता. मी म्हटलं गेलास उडत, आणि अण्णांच्या समोर जाऊन ओरडले, "वाट लागलीय, अण्णा! मागचे दोन सिलिंडर मेलेत!"

"ठाऊक आहे. मीच मारले," अण्णा म्हणाले. "ऐकू येत नसलं तरी हाताला थरथर कळते. परवा दुसऱ्या गाडीला हात लावला, तर मी खाच उभी ठेवलेला स्क्रू आडवा सापडला. माझ्यामागून कोण फिरवतं?"

"मी."

"कधीपासून?"

एक फोन अजून अण्णांच्या तोंडासमोर होता. मी तो हाताने खाली केला.

अण्णा दादाकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं सोड. हा घरातली भांडीसुद्धा कौतुक करून विकेल. पण तू माझ्या हाताखाली शिकलीस ना? कामापुरताही कान उरला नाही, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. मी एवढे दिवस कानाला नळी लावून माकडासारखा बसलो, आणि तू बघत राहिलीस."

त्यांनी डगला काढला, बॉनेटवर टाकला आणि मागच्या नळावर हात धुवायला निघून गेले.

दादाने क्षणभरही वाया घालवला नाही. फोनांकडे वळून दात काढत म्हणाला, "आणि आता, मंडळी, बापाची कला लेकीच्या हातात!"

मी इंजिन बंद केलं. किल्ली वकीलसाहेबांच्या हातात दिली. "गाडी उद्या या घेऊन. एकटे या." मग तो डगला उचलून दादाच्या छातीवर फेकला. "घाल आता तूच. तुझ्याच मापाचा आहे."

नळावर अण्णा पाठमोरे उभे होते. साबण लावून लावून हात घासत होते, निघालेला मळ पुन्हा पुन्हा काढत होते. "अण्णा, चुकलं माझं," मी म्हटलं. पाणी वाहत राहिलं, ते हात घासत राहिले.

तसंच मागे फिरणं सोपं होतं. 'चुकलं' असं एकदा म्हणून झालं होतं ना. पण मग माझ्यात आणि दादात फरक तो काय? मी नळ बंद केला, वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि सगळ्या गॅरेजाला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा म्हटलं.